कोरा रकाना

कणमापक म्हणजे काही दुर्बीण नव्हे.
त्याला सूर्य बघायला कुणी पाठवलेलं नाही.
जेवणाच्या डब्याएवढी पेटी,
यानाच्या अंगाला चार स्क्रूंनी आवळलेली.
काम एवढंच, की बाहेर फार झालं
तर आतल्या महागड्या डोळ्यांना सांगायचं : मिटा.
राखणदार.
राखणदाराच्या वहीत कोण कशाला डोकावतंय?

मी डोकावते.
कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या फाटकापलीकडे,
तिसऱ्या मजल्यावर, जिथे एसीचं पाणी
निळ्या बादलीत ठिबकतं
आणि खिडकीच्या गजांवरचा रंग
खारा वारा वर्षभरसुद्धा टिकू देत नाही.

वहीत नुसते आकडे. मिनिटाला एक ओळ.
सिलिकॉनच्या चकतीवर कुणीतरी टकटक केली
इतकंच तिला कळतं.
प्रोटॉन होता की इलेक्ट्रॉन,
समोरून आला की पेटीची भिंत भेदून पाठीमागून,
ते मी इथे बसून लावायचं;
आई जशी स्वयंपाकघरातून खोकल्यावर सांगायची
दारात रुमावांची विन्सी आहे की दूधवाला.
चुकायचीही.
एकदा तिने विन्सीच्या हातात पातेलं ठेवलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी
चार. सहा. तीन. पाच.
ही रोजची शिंपड, दूरच्या ताऱ्यांकडची.
मग एकोणीस.
मग दोनशे चाळीस.
आधी वेगवान आले, मागून मंद,
ससून डॉकवरून एकदम सोडलेल्या होड्यांसारखे,
इंजिनवाली पुढे, वल्ह्याची कुठल्या कुठे मागे.
कोण किती उशिरा पोचला त्यावरून
मी उलटी मोजत गेले, सुटले केव्हा.
बारा हजार.
एकतीस हजार.
नऊशे.
चाळीस.
शून्य.

अकरा मिनिटं शून्य.
मग पुन्हा अठ्ठावीस हजार, जणू काही झालंच नाही.

आलेखात ऐन शिखरावर एक विहीर पडली.
मृण्मय म्हणाला, "सूर्याने श्वास घेतला वाटतं."
मग स्वतःच म्हणाला, "नाही. पेटी गुदमरली."
एक टकटक मोजून होण्याआधी दुसरी, तिच्या आत तिसरी;
इतक्या मुठी दारावर, की दार बहिरं झालं.
"दोन्ही काठ जोडून रेघ मारू का?
छान दिसेल."

बाबा, म्हणजे भास्कर तांडेल,
बंदरात भरतीमापकावर होते.
विहिरीत तरंगणारा गोळा, त्याची तार,
ढोलावर गुंडाळलेला कागद, जांभळी शाई.
लाँच गेली की रेघ थरथरायची.
बाबा शेजारी बारीक अक्षरात लिहायचे, "लाँच",
उद्या कुणी तिला समुद्र समजू नये म्हणून.
भांगाचं पाणी, उधाणाचं पाणी,
बत्तीस वर्षं तासातासाने रकान्यात.

एका उधाणाच्या रात्री टाक कागदाच्या वरच्या कडेला
जाऊन अडकला. वर जागाच नव्हती.
सकाळी साहेब म्हणाले, पंचांग बघून टाक काहीतरी.
बाबांनी चार रकाने कोरे ठेवले.
समासात लिहिलं :
पाणी होते. मोजता आले नाही.
त्यावरून मेमो मिळाला. तो त्यांनी
लाइट बिलांच्या फाइलीत लावला.

मी मृण्मयला म्हटलं, रेघ नको.
अकरा शून्यं एकेक करून पुसली.
शून्य म्हणजे कुणी आलं नाही.
इथे तर...
मग टीप लिहायला बसले इंग्रजीत, नीट, दोन ओळींची,
आणि तासभर जमेना.
जे जमत होतं ते मराठीत होतं
आणि जांभळ्या शाईत.

उठले तेव्हा पायाला गार लागलं.
बादली भरून पाणी फरशीवर आलं होतं,
खुर्चीखालून दारापर्यंत.
केव्हापासून, कोण जाणे.